पाणी पिऊन यायचं नसतं

मी दीड लिटर पाणी पिऊन गेले होते.
नाशिकरोडहून शरणपूर रोडपर्यंत
रिक्षातला एकेक खड्डा मांड्या आवळून मोजला.
सोनोग्राफी म्हणजे पाणी, हे जाऊबाईंचं ज्ञान.
त्यांना तीन लेकरं.
काउंटरवरची अश्लेषा हसली नाही, एवढे तिचे उपकार.
"मावशी, छातीच्या तपासणीला पाणी लागत नाही,
उपाशीही राहायचं नसतं.
आधी तिकडे जाऊन या."

तिकडे जाऊन आले.

भिंतीवर पाटी : येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
पाटीखाली बाकावर वडाळागावची शगुफ्ता, चौथा महिना,
सरकून जागा देत म्हणाली, "सुनेचं आहे का?"
म्हटलं, नाही गं, माझंच.
तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं, मग केसांकडे,
मग बराच वेळ स्वतःच्या चपलांकडे.

आत अंधार असतो. हे कुणी सांगत नाही.
मी साडीत गेले, तीही चूक;
वरचं वेगळं, खालचं वेगळं, असं काही घालून जावं.
काखेत पावडर थापली होती, ती ओल्या कापडानं पुसली
माझी मीच, लाजत.
आणि ते जेल गार असतं,
जानेवारीत पहाटपाळीला नळाखाली हात धरावा तसं.

"उजवा हात डोक्यावर घ्या."
असा हात मी शेवटचा वर केला होता
पाचवीच्या वर्गात, उत्तर येत होतं म्हणून.
"गाठ लागते तिथं तुमचंच बोट ठेवा."
बोट ठेवलं. डॉक्टर देवरे मॅडमनी
तिथूनच सुरुवात केली, पण तिथं थांबल्या नाहीत.
दुसरी बाजू. मग काख.
मॅडम, काखेत कशाला, गाठ तर इकडे आहे?
"काखेत ग्रंथी असतात. सगळ्यांच्याच.
इकडे काही झालं तर आधी त्यांना कळतं."
बावन्न वर्षं काखेत राखणदार,
आणि मला पत्ता नाही.

मग त्या गप्प झाल्या.
यंत्र टिक्, टिक् करत राहिलं.
या गप्प राहण्याचा अर्थ लावत बसू नये.
मी सव्वीस वर्षं छापखान्यात ताव तपासते,
उजेडासमोर धरून, शाईचा डाग, सरकलेली रेघ.
मोजताना मीही बोलत नाही.
समोरच्या तावाला काय वाटत असेल
हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं.

किरणं नसतात यात, नुसता आवाज.
ज्या आवाजानं मला आतून पाहिलं
तो मला ऐकूच आला नाही.
पडद्यावर राखाडी भुरभूर, मधे एक काळसर बी.

"सुईनं थोडं काढून तपासू," मॅडम म्हणाल्या,
"बहुतेक गाठी साध्या असतात."
बहुतेक.
या एका शब्दात मला गुरुवारपर्यंत राहायचंय.
छापखान्यात ताव बाजूला काढला
म्हणजे फाडला असं नसतं,
तो पुन्हा बघायचा असतो.
हे मी नव्या पोरींना शिकवते.
रोज शिकवते.

बाहेर अश्लेषा शगुफ्ताला सांगत होती,
"अजून भरली नाही पिशवी, पाणी पी."
माझ्या पिशवीत दुसरी बाटली तशीच होती,
जाऊबाईंनी दिलेली.
तिला दिली. गटागटा प्यायली पोर.
मग ओठ पुसत हळूच विचारलं,
"खाला, दुखतं का हो?"

नाही, म्हटलं.
गार असतं.