रेघ

आमच्याकडे सून उंबऱ्याच्या आत आली
की त्याच दिवशी तिला आईचं नाव मिळतं,
पोटात अजून काही नसतं तेव्हा.
मालिनेओ. लिनेओची आई.
लिनेओ मागून येते. आली तर.

आली होती.
माझ्या रजिस्टरात सदतिसाव्या पानावर आहे,
वय नऊ आठवडे,
आणि नावावरून एक लाल रेघ.
तिच्या रक्ताचा निकाल मासेरूहून आला
तोवर खिंडीतला बर्फ वितळून गेला होता
आणि कागद कुणाच्या हातात द्यायचा, मला सुचेना.
अजून माझ्याच ट्रंकेत आहे तो.

हाक मात्र तीच राहिली.
झऱ्यावर, चर्चमध्ये, दुकानाच्या रांगेत
सगळे तिला म्हणतात, लिनेओची आई,
आणि ती ओ देते.

दुसऱ्या खेपेला ती आपणहून आली, तिसऱ्याच महिन्यात.
गोळ्या मक्याच्या पिठात लपवायची,
पांढऱ्यात पांढऱ्या.
नवरा रस्टेनबर्गच्या खाणीत, सासू खोलीत.
मी म्हटलं, लपव हवं तर, पण चुकवू नकोस.
रेडिओवर आठच्या बातम्या लागल्या की एक.
तिथे कुणाचं सरकार पडलं
की इथे हिची गोळी पोटात.

ऑगस्टात मुलगा झाला, गुडघाभर बर्फात.
त्सेलिसो ठेवलं नाव. म्हणजे सांत्वन.
या नावाचा माणूस भेटला
की आम्ही विचारत नाही, आधी कोण गेलं.

मग सिरप. रोज सकाळी,
सुई नसलेल्या पिचकारीतून गालाच्या आत.
अर्धं तो थुंकायचा, अर्धं हनुवटीवर,
आणि ती बोटाने पुन्हा तोंडात सारायची
थेंब न् थेंब, हिशेबी वाण्यासारखी.
सासू तिसऱ्या महिन्यात पेज घेऊन आली:
नुसत्या दुधावर कुठे पोर वाढतं?
तेव्हा पहिल्यांदा मी तिला आवाज चढवलेला ऐकलं.
सहा महिने. फक्त माझं.
ज्या दुधाची तिला भीती वाटायची
त्याच दुधासाठी भांडली.

टाचेला टोचून रक्ताचे पाच थेंब
जाड कागदावर घेतलेले, वाळवलेले,
न्ताते सेखोन्याना घोड्यावरून नेतो.
सेन्कूला पूर आला त्या आठवड्यात
पाकीट टोपीत, टोपी डोक्यावर,
आणि घोडा मानेपर्यंत पाण्यात.
पलीकडून ओरडला, कोरडं आहे!
मला ऐकू आलं नाही. नंतर सांगितलं त्याने.

माझ्या वेळी ना घोडा होता, ना सिरप.
मला मामोहाऊ म्हणतात.
मोहाऊ कोण, ते तुम्हीही विचारू नका.

सहा आठवडे: नाही.
नऊ महिने: नाही.
दूध सुटलं, दात आले,
मधे दोनदा ती आली नाही, मी डोंगर चढून गेले,
तर म्हणे मेंढ्या कातरायच्या होत्या.
इतकं बोलले तिला, इतकं,
आणि परतताना वाटेत बसून रडले.

अठरा महिने.
बोटाला टोचलं, पट्टीवर थेंब, वीस मिनिटं.
नर्स खिडकीबाहेर बघत होती, मुद्दाम.
मालिनेओ पट्टीकडे बघेना, पोराच्या बुटाची नाडी
सोडायची, बांधायची, सोडायची.
पट्टीवर एकच रेघ उमटली.
दुसरीची वाट आम्ही तिघींनी पाहिली,
वेळ संपल्यावरसुद्धा.

नर्स म्हणाली, याचं नाव कमी करा. मोकळा झाला.
नाव कमी करायचं म्हणजे
लाल पेन, नावावरून रेघ.
माझ्याकडे दुसरी रीत नाही, दुसरा रंग नाही.
पेन टेकवलं आणि हात अडला.
मालिनेओ म्हणाली, द्या, मी मारते.
तिने मारली. वाकडी,
कारण पोराने मधेच पेन धरलं होतं.

त्याच्या खालच्या ओळीत एक मुलगी आहे.
सहा आठवड्यांची चाचणी, तारीख मंगळवारची.
आज शुक्रवार.
आई तिला घेऊन वरच्या गोठ्यांकडे गेलीय म्हणतात.
उजाडताच निघते मी,
ब्लँकेट घेते जास्तीचं.