सातवा हॅम

दफनानंतरच्या आठवड्यात घरी सात हॅम आले.
आमच्या चर्चमधल्या बायकांना
दुःखावर दुसरं औषध ठाऊक नाही.
ऑर्फाचा होता अननसाच्या चकत्या टोचलेला,
धान्याच्या कोठारावरच्या माणसांनी वर्गणी काढून एक आणला,
एक तर दारातच ठेवलेला, चिठ्ठी नाही, नाव नाही,
वर रात्रीचं बर्फ भुरभुरलेलं.
सहा मी वाटले, गोठवले, मुलांच्या गाड्यांत कोंबले.
हा सातवा. आता हाडाला आलाय.

कुकर खालच्या फडताळातून काढला.
जाड अॅल्युमिनियमचा, लग्नात मिळालेला,
मूठ एका बाजूने वितळलेली.
रबर ताठलं होतं. कोमट पाण्यात ठेवलं,
तेव्हा कुठे बधलं.

व्हर्लिनला सूप आवडायचं नाही.
"चावायचं काहीच नाही, त्याला जेवण कसं म्हणायचं?"
आणि कुकरची तर धास्तीच.
एकोणीस वर्षांचा असताना जहाजाच्या बॉयलरखोलीत
काय घडलं, ते त्याने मला एकदाच सांगितलं,
तेही अर्धं.
झाकणावरचं वजन डुलायला लागलं
की तो टोपी चढवायचा,
"जरा गोठ्यात जाऊन येतो."
गाई विकून अकरा वर्षं झाली, तरी
गोठ्यात जाऊन येतो.

बटाटे लाल सालीचे, नदीकाठच्या काळ्या मातीतले.
फोडी मोठ्या ठेवायच्या,
बारीक केल्या तर लगदा होतो.
कांदा, सेलरीचे दोन दांडे, एक तमालपत्र.
मधोमध हाड.
पाणी सगळं बुडेल एवढंच.
मीठ नाही. हॅममध्ये असतंच,
मागाहून चव बघून ठरवायचं.
माझ्या सासूने प्रेमाने सांगितलेली ही एकच गोष्ट.

झाकण फिरवलं. खट्.
आधी नुसतीच वाफ, चोरटी.
मग वजन हललं, थबकलं,
आणि एकदम खुळखुळायला लागलं
खिशातल्या चिल्लरीसारखं,
आणि माझी मान आपोआप खिडकीकडे वळली.

गोठ्यापर्यंत बर्फात पावलं आहेत,
जाणारी आणि येणारी,
दोन्ही माझीच, परवाची.

ट्रॅक्टरची कागदपत्रं शोधायला गेले होते.
तिथल्या सगळ्या काचांवर धुळीचे थर,
माश्यांची घाण, कोळ्यांची जाळी.
एकच काच पुसलेली, तीही
बशीएवढी, घराच्या बाजूची.
समोर पालथी बादली.
मी बादलीवर बसले. वाकून बघितलं.
आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते,
शेगडी दिसते,
तिच्यापुढे उभं राहणारं माणूस
कमरेपासून वर दिसेल.

उणे वीसमध्येसुद्धा बसत असेल?
बसतच असणार. नाक लाल करून यायचा,
मी म्हणायचे, गोठ्यात काय सोनं पुरलंय का?
तो म्हणायचा, झालं का तुझं ते?
मी म्हणायचे, झालं.
मग टोपी खुंटीला.

वीस मिनिटं. शेगडी बंद.
काही जणी कुकर नळाखाली धरतात,
ढसाढस पाणी सोडून वाफ मारतात.
मला घाई कसली.
वजन गप्प झालं, तरी आत कितीतरी वेळ
काहीतरी कुजबुजत होतं.
मी भांडी पुसली. पुसलेली परत पुसली.

झाकण उघडलं तर मांस हाडावरून आपसूक सुटलेलं,
हाड स्वच्छ, पांढरं.
चार फोडी डावाच्या पाठीने ठेचल्या, दाटपणासाठी.
दूध सगळ्यात शेवटी, नाहीतर फाटतं.
चव घेतली. मीठ लागलं, चिमूटभर.

एक वाडगा माझ्यापुढे,
एक टेबलाच्या पलीकडे ठेवला, चमच्यासकट,
आणि मग आठवलं,
अरे, याला तर सूप आवडत नाही.

तोही मीच खाल्ला.