मानपत्राची मागची बाजू

ताहेरभाई, तुमच्यावर चार शब्द बोला म्हणाले,
आणि मुख्याध्यापकांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.
चार शब्दांत तर तुमची हातगाडीसुद्धा
अब्दुल रेहमान स्ट्रीटमधून बाहेर पडत नाही.

तेव्हा गाडीपासूनच सुरू करते.
शनिवारी, शाळा सुटायच्या जरा आधी
घोडपदेवच्या उतारावर रामसुमेरचं "बाजू, बाजू" ऐकू यायचं
आणि पाचवी ब मधलं कुणीतरी खिडकीतून ओरडायचं,
"बाई, कातरण आली!"

कातरण. लग्नपत्रिकांच्या कडा,
गुलाबी, शेंदरी, कधी वर्ख लागलेल्या;
कॅलेंडरांच्या पट्ट्या, औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे.
एकदा नुसतेच गोल, कुठल्याशा डब्यांच्या झाकणांतून उरलेले,
त्यांचे मुलांनी एकशे बारा चंद्र केले
आणि एकानं पोळी.

लोकांच्या लग्नांतून उरलेल्या कागदावर
माझ्या वर्गानं समुद्र काढला,
चार बोटं रुंद, उभा,
दोन बिल्डिंगांच्या फटीतून दिसतो तसा.

पैशांचं मी एकदाच विचारलं.
"बाई, रद्दीचा भाव मला मालूम," तुम्ही म्हणालात,
"दुसरा भाव तुम्ही काढा."
अजून काढते आहे.

मग ते वर्ष.
चित्रकलेचा तास वेळापत्रकातून उठला,
तिथे गणिताचा जादा तास येऊन बसला.
मी सही केली. हो, केली. नोकरी होती.
तुम्हाला तर कुणी विचारलंच नव्हतं,
तरी वॉर्ड ऑफिसच्या बाकावर अकरा दिवस,
मांडीवर गठ्ठा, शेजारी जेवणाचा डबा.
साहेब आले की एक चित्र पुढे धरायचं,
साहेब गेले की दुसरं.
बोलायचं काही नाही.

अकराव्या दिवशी साहेब थांबले.
मिस्बाचं चित्र होतं: आई, शिलाई मशीन,
आणि मशीनला डोळे.
"हे डोळे कशाला?"
"मला काय मालूम, साहेब. पोरीला विचारावं लागेल.
आणि विचारायला तास पाहिजे."

शुक्रवारचा शेवटचा तास परत आला.
अर्धाच. उरलेल्या अर्ध्यात प्रार्थना आणि सूचना.
अर्ध्याचं काय करायचं
ते कातरणीनं शिकवलंच होतं आम्हाला.

आज तुमच्या खांद्यावरून शाल घसरते आहे.
मघाशी मानपत्र वाचलं: कलाप्रेमी, दानशूर,
आणि आणखी एक मोठा शब्द, माझ्याच्यानं नीट उच्चारला गेला नाही.
तुम्ही ऐकत नव्हता.
मी बघत होते, तुमचा अंगठा
कागदाच्या कडेवरून फिरत होता, ग्रॅम मोजत.
मग हळूच उलटून पाहिलंत.
मागची बाजू कोरी.

आणि आत्ता, मी इथे बोलत असताना,
तुमची नजर पहिल्या रांगेत, सतरंजीच्या टोकाला,
जिथे जुवाटकरांची श्रावणी
खडूनं स्वतःच्या चपलेवर काहीतरी काढते आहे.

ताहेरभाई, थांबा.
निदान फोटो तरी होऊ द्या.

दिलंत.

मुख्याध्यापक घड्याळाकडे बघतायत. मी खाली.
तिनं कागद पालथा घातला, गुडघ्याखाली दाबला,
हातगाडी काढते आहे.
चाकं तीन.

तिसरं कशाला, ते आत्ता नको.
शुक्रवारी विचारीन.