खुर्ची क्रमांक एक्केचाळीस

नव्या पेठेत, झेरॉक्सच्या दोन दुकानांमधल्या जिन्यानं वर गेलं
की खळदकरांची अभ्यासिका. दारावर पाटी:
‘पुटपुटू नये. शेजारच्याचीही परीक्षा आहे.’
साठ खुर्च्या. एकोणसाठांवर पंचायत राज, चालू घडामोडी.
एक्केचाळीसवर मी, आणि ढग.

बारामतीला दोनशे तास उडून झाले.
इथले पेपर सुटले, सत्तर टक्क्यांना पास.
लायसन कपाटात, बाबांच्या फंडाच्या कागदांशेजारी.
खडकीच्या फॅक्टरीत त्यांनी तेहतीस वर्षं
भोंग्याआधी गेट गाठलं,
त्याचे झाले दोनशे तास.
नोकरीचं कुणी कळवलं नाही.
म्हणून आता युरोपचे तेरा विषय, पंच्याहत्तर टक्के,
आणि मावसभाऊ ऑकलंडला आहे, एवढ्यावर
न्यूझीलंडचेही.

हिरव्या वहीत पूर्वेकडे जाताना विषम पातळी,
तांबड्या वहीत उत्तरेकडे.
हिरव्या वहीत वादळ घड्याळाच्या उलट फिरतं,
तांबड्या वहीत घड्याळाबरोबर.
निळ्या वहीत आल्प्सवरून एक कोरडा, उष्ण वारा उतरतो,
त्यानं म्हणे माणसांचं डोकं दुखतं.
माझं त्याच्याशिवायच दुखतं.

पुण्यावरचं आकाश कागदोपत्री मुंबईचं.
हे मी जिन्यात सहज सांगितलं,
तर खळदकरकाका दोन दिवस बोलले नाहीत.

अगदी सुरुवातीलाच शिकवतात, उत्तरेचे तीन प्रकार:
खरी उत्तर, चुंबकाची उत्तर,
आणि आपल्याच विमानातल्या लोखंडानं जरा बिघडवलेली
होकायंत्राची उत्तर.
पुण्यात पहिल्या दोघींत फरक जवळपास नाही,
असलाच तर एखादा अंश.
इथं बसून शिकणाऱ्याला वाटतं, जगभर असंच असेल.
मराठीत एक सोय आहे: ती उत्तर, ते उत्तर.
वही बदलली की ते बदलतं.
ती तुला सापडली का,
हे कुठल्याच पेपरात विचारत नाहीत.

बेचाळीसवर धनाजी लोखंडे, करमाळ्याचा.
फौजदार व्हायचंय, पाचवी खेप.
रात्री नवानंतर चहाच्या टपरीवर
तो माझी वही धरतो, मी त्याची.
आता त्याला कार्बोरेटरमधला बर्फ कळतो,
मला कलम दोनशे त्रेचाळीस.

काल त्याचा निकाल लागला. दीड गुणानं गेला.
नेहमीच्या जागी उभे राहिलो. चहा फारच गोड होता.
म्हणाला, वही दे.
कुठली?
कुठलीही.
मधलंच पान उघडून, बोट ठेवून वाचलं त्यानं:
दिशा चुकल्यास वैमानिकानं काय करावं?
मी धडाधड म्हणून टाकलं:
उंची वाढव. रेडिओवर बोल.
वाट चुकल्याचं कबूल कर.
सांगतील तसं वाग. इंधन जप.

त्यानं दुसरी वही चाळली, मग तिसरी.
‘तिन्हीकडे हेच?’
‘तिन्हीकडे हेच.’
‘ते तिसरं परत म्हण.’
म्हटलं. पुटपुटले नाही.
टपरीवाल्यानं वळून पाहिलं.

धनाजीनं ग्लास विसळून ठेवला, तसं कुणी करत नाही तिथं.
घरी फोन करतो म्हणाला,
आणि पुलाच्या दिशेनं चालत गेला, तिकडे रेंज बरी येते.

मीही फोन काढला.
निळ्या वहीतला एक पेपर दोनदा राहिलाय,
ते घरी अजून बोलले नव्हते.
बाबा झोपले असतील म्हणून फोन परत ठेवला.
मग आठवलं,
साडेदहाचं विमान खडकीवरून लोहगावकडे गेल्याशिवाय
ते गच्चीवरून खाली येत नाहीत.