एकसष्ट टक्के

टॉवेलचा कारखाना बंद झाला तेव्हा
मालकानं ऑफिसातला कॉम्प्युटर मला दिला,
दोन महिन्यांच्या थकल्या पगारात वळता करून.
विंडोज त्याच्यावर धापा टाकायचं,
मे महिन्यात अक्कलकोट रोडनं
सुताची गाठोडी रेटणाऱ्या सायकलवाल्यासारखं.
भाचा श्रीधर पेन ड्राइव्ह घेऊन आला, लिनक्स घातलं.
म्हणाला, मामा, फुकट आहे, पण सांभाळावं लागतं.
काय बे, म्हटलं, तीस वर्षं जॉबर होतो मी.
सांभाळायचं मला शिकवतोस?

पहिल्याच दिवशी पासवर्ड मागितला.
टाइप करतोय, करतोय, पडद्यावर काही नाही,
एक ठिपकासुद्धा नाही.
वाटलं कीबोर्ड मेला.
मग कळलं, हे असंच असतं.
नवस बोलताना कुठं आवाज येतो?

मराठीचं तर विचारू नका.
रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायचा.
आठ दिवस माझ्या बिलांवर
‘टकिर्श टॉवेल’ छापून गेलं.
लातूरच्या गिऱ्हाइकानं दोन डझन जास्तच मागवले.
फॉन्ट बदलला, रफार घरी आला,
ऑर्डर पुन्हा पहिल्याइतकी.

प्रिंटर मनात आलं तर चालतो.

वही ठेवतो मी. जुनीच, मागांची.
डाव्या पानावर: माग अकरा, पिकिंग स्टिक मोडली, बदलली.
उजव्या पानावर, त्याच अक्षरात:
आवाज गेला. मुका केला, पुन्हा बोलता केला. आला.
पेन ड्राइव्ह दिसेना. दुसऱ्या भोकात घातला. दिसला.
खाली तारीख. सही नाही,
आता सही कुणाला दाखवायची?

एका रात्री अपडेट झालं आणि पडदा काळा.
कोपऱ्यात एक पांढरी रेघ, उघडझाप करत.
मग लाल ओळी, चाळीस तरी असतील.
नरसय्या मेस्त्री म्हणायचे, आधी ऐक, हात नंतर घाल.
इथं ऐकायला पंख्याशिवाय काही नव्हतं,
म्हणून वाचत बसलो, इंग्रजी, एकेक अक्षर लावत.
चाळीसमधली एकच ओळ खरी,
बाकीच्या तिच्या पायी पडलेल्या.
ताण्यात असंच व्हायचं,
एक धागा सुटला की शेजारचे अंग टाकतात.

श्रीधरला हिंजवडीत फोन लावला.
घाबरू नका, म्हणाला, चालू होताना एस्केप दाबत राहा,
यादी येईल, जुना कर्नल निवडा.
जुना असतो अजून?
असतो की. नवा धड चालेपर्यंत
जुना काढत नाहीत, मामा.

मी काही बोललो नाही.
आमच्याकडं रेपियर मशीन आली
त्या दिवशी तिचे बोल्टही आवळले नव्हते,
आणि जुने माग किलोवर गेले टेम्पोत.
त्या टेम्पोमागं चालत गेलेली माणसं
मी मोजली होती. वहीत लिहिली नाहीत.
हॅलो, मामा, आलं का सुरू?
आलं, म्हटलं.

आज पाचव्या दिवसाचं पाणी.
पहाटे तीन चाळीसला नळ खोकला,
आणि नेमकं तेव्हाच हे, रात्री लावून ठेवलेलं,
एकसष्ट टक्क्यांवर. बंद करू नका, असं लिहिलेलं.
मोटर लावली तर फ्यूज उडणार, ठरलेलं आहे.
मोटर नको, म्हटलं बायकोला.
राजव्वानं माझ्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं.
याला किती दिवसांनी येतं? तिनं विचारलं,
आणि उत्तराची वाट न बघता घागर उचलली.

आम्ही दोघं हातानं भरतोय.
दर खेपेला मी दारातून डोकावतो.
एकसष्ट.
एकसष्ट.
पिंप अर्धं झालं.
बासष्ट.