फेरे

पस्तीस वर्षं मी तांबं गुंडाळतोय.
विहिरीवरचे पंप, भाताच्या गिरणीची मोटार,
बर्फाच्या कारखान्यातले दमेकरी पंखे.
नाट्याच्या नाक्यावर पाटी आहे, आग्रे रिवाइंडिंग,
तिचा 'रि' खाऱ्या वाऱ्यानं कधीच खाल्ला,
तरी गिऱ्हाईक येतं.

याकूब फणसोपकर आला तो माशांच्या पिशवीतून
हातभर लांबीचा ट्रक घेऊन.
"पोरानं मस्कतहून पाठवलान, नातवासाठी."
"मग नातू?"
"तो मोबाइलात."
जरा वेळ पंख्याकडे बघत बसला.
"आग्रे, हा जोरात पळायला पाहिजे."

चाळीस वर्षं ट्रॉलरवर तांडेल होता हा माणूस.
जाताना सात नॉट, येताना सहा,
जाळं ओढताना तीन.

मोटार उघडली. अंगठ्यापेक्षा थोडी जाड.
तीन दात, दर दाताला सत्तावीस फेरे.
दोनदा मोजले,
आणि पंपवाल्या कुणाला कधी सांगावं लागलं नव्हतं
ते सांगितलं:
फेरे कमी केले की वेग वाढतो.
"आणि?"
आणि तापते.
"कर कमी," तो म्हणाला,
जसं कोणी चहात साखर कमी कर म्हणतो.

सतरा केले. तार एक नंबर जाड घेतली.
मोटारीवरचं पितळी चाक पंधरा दातांचं होतं,
एकोणीसचं पुण्याहून कुरिअरनं आलं, अकरा दिवसांनी.
बेअरिंगं रॉकेलात धुतली; त्यातून निघालेली वाळू
आंबोळगडची, हे याकूबनं चिमटीत चोळून सांगितलं.
नाक उचलायला लागला तेव्हा त्यानंच
जाळ्याच्या शिशाच्या चार गोळ्या आणल्या,
पुढच्या बंपरखाली दोऱ्यानं अशा बांधल्या
की ती गाठ मला अजून सोडवता येत नाही.

सड्यावर गेलो. गवत वाळून पिवळं पडलेलं,
मधे कातळ, तव्यासारखा सपाट आणि तसाच गरम.
शंभर मीटर त्यानं हात पसरून मोजले,
पंचावन्न वाव,
दोन्ही टोकांना एकेक चिरा ठेवला.
पहिल्या दिवशी, मूळ मोटारीवर, चौदा सेकंद लागले होते.
आता नऊ.
नवं चाक लावून सात.
मी कागदावर गुणाकार करेपर्यंत
तो डोळे मिटून म्हणाला, "सत्तावीस नॉट,"
आणि मग स्वतःशीच, "च्यायला."

दोन म्हशी, एक मोरीवरचा पोरगा,
आंब्याच्या बागेचा नेपाळी राखणदार,
एवढेच प्रेक्षक.
ट्रक दगडावरून उडायचा, पालथा पडायचा,
चाकं आभाळाकडे करून चीं चीं करायचा,
आणि सत्तरीचा याकूब गुडघे धरत धावत जायचा,
बोटीवर कधी धावता आलं नाही त्याचं सगळं धावून घेत.

मोटारीला दोन बोटं लावली. तीन म्हणेपर्यंत टिकली नाहीत.
मी म्हटलं, बस, आता इथेच थांबू.
म्हणाला, "अजून दोन काढ."
जळेल.
"जळली तर गुंडाळणारा कोण आहे?"

पंधरा फेऱ्यांची मोटार दिली शुक्रवारी.
मी गेलो नाही. चव्हाणांचा पंप तीन दिवस पडून होता,
त्यांची सून दोनदा येऊन गेली होती.

सोमवारी सकाळी याकूब आला.
रुमालात काहीतरी बांधलेलं.
सोडायच्या आधी वास आला,
जळल्या व्हार्निशचा, मला आईच्या हाताइतका ओळखीचा.
शटरवरच्या धुळीत त्यानं बोटानं लिहिलं: ५.९
काही बोलला नाही. त्याचे कान लाल झाले होते.

चव्हाणांचा पंप मी पायानं बाजूला सारला.
चिमट्यानं काळं पडलेलं टोक शोधलं,
आणि उलटं सोडवायला बसलो.
पंधरा, चौदा, तेरा.
बाहेर तो म्हणत होता, "सावकाश कर रे,
मला कसली घाई नाही."