मृत्यूचे ठिकाण

जानेवारीत साहेब तक्ता मागतात.
अकरा तालुके, बारावं शहर,
हजारी किती गेले,
दशांशचिन्हानंतर एकच आकडा.
माणूस तिथवर पोचेपर्यंत
त्याचा चुरा झालेला असतो, तंबाखूसारखा.

शहराचा आकडा दरवर्षी फुगलेला.
नवे साहेब विचारतात, इथली हवा वाईट आहे का?
मी म्हणते, हवा आहेच,
पण साहेब, इथे सिव्हिल आहे.
सांगोल्याला चावलेला साप इथे येऊन चढतो,
करमाळ्याचं अडलेलं बाळंतपण इथे सुटतं,
इंडी-अफझलपूरची माणसंसुद्धा
सीमा ओलांडून आमच्या रकान्यात मरतात.
तालुके मागे राहतात, दिसायला निरोगी.

एका गावात तर तीन वर्षं शून्य.
साहेब खूश. मी एसटीनं जाऊन आले.
दप्तराच्या कपाटाला कुलूप,
किल्ली बदलून गेलेल्या ग्रामसेवकाच्या खिशात,
आणि ओढ्याकाठी राख,
अजून कुत्री हुंगत होती.

परवा तडवळचा गुरुशांत बिराजदार आला.
आई भौरम्मा, जीपमध्ये गेली.
नियम असा, की चालत्या गाडीतला मृत्यू
गाडी पहिल्यांदा थांबते त्या गावचा.
कुठे थांबलात?
तो बोटं मोजल्यासारखी गावं मोजत राहिला.
वळसंगला तिनं नीरु मागितलं, म्हणजे होती.
कुंभारीला पदर ओढून घेतला, म्हणजे होती.
मग मांडीवर डोकं जड झालं.
ड्रायव्हरला सांगितलं नाही त्यानं.
सांगितलं असतं तर गाडी थांबली असती,
थांबली असती तर

मी पुढचं विचारलं नाही.
गाडी थांबली ती सिव्हिलच्या फाटकात.
लिहिलं : सोलापूर शहर.
तो वाकून वाचत म्हणाला,
मॅडम, आमची आई सोलापूर कधी बघितलीच नव्हती की.

माझी आई साखर पेठेतच गेली.
मांडीवर सूप, सुपात बांधायच्या राहिलेल्या विड्या,
वय चोपन्न.
मला नोकरी लागून दोन महिने झालेले.
कारणाच्या रकान्यात मीच लिहिलं : वार्धक्य.
दुसऱ्या कुठल्याही शब्दाला
डॉक्टरची सही लागत होती.
तेव्हापासून खोकल्यानं गेलेली बाई
माझ्या टेबलावर म्हातारी होऊन येते.
कधी चाळिशीत, कधी त्याच्याही आधी.

तक्ता पाच वाजता पाठवला.
भौरम्मामुळे शहराचा आकडा हलला नाही.
हलायला शंभरेक माणसं लागतात.
जाण्याआधी अक्कलकोटच्या ओळीत
पेनानं एक टिंब दिलं,
छपाईत पडलेला डाग वाटेल, एवढंच.